बुकिंग झालंय, तेव्हा मजा कराच!

पत्र थोडक्यात असं (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत):

एक वाचक, वय ४६. घरी पत्नी आणि १५ वर्षांचा मुलगा. बरीच वर्षं कामाच्या रगाड्यात गेली. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की इथून पुढे शनिवार-रविवार घरच्यांचे आणि मित्रांचे. तेव्हापासून दर रविवारी सकाळी पिकलबॉल (बॅट आणि प्लॅस्टिकच्या चेंडूचा, नेटवरून खेळायचा खेळ), एक आड शनिवारी दोन मित्रांच्या कुटुंबांबरोबर बोर्ड गेम, महिन्यातून एक ट्रेक, मध्येच कधी एस्केप रूम (कोडी सोडवत बंद खोलीतून बाहेर पडायचा खेळ). सगळ्यांच्या फोनवर एकच कॅलेंडर, प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा रंग, आणि भिंतीवर पिकलबॉलमध्ये कोण किती जिंकलं याचा तक्ता. गेल्या दोन महिन्यांत मात्र घडी विस्कटली. मुलानं विचारलं, ‘बाबा, मी नाही आलो तर चालेल का?’ पत्नी म्हणाली, ‘मला एक रविवार रिकामा हवाय.’ एका मित्राच्या कुटुंबानं ऐन वेळी दोनदा रद्द केलं, आणि तिसऱ्या खेपेला ते दुसऱ्याच कुणाबरोबर पोहायला गेल्याचं फोटोंवरून कळलं. ‘मी यांच्यासाठी इतकं करतो आणि कुणाला त्याची किंमतच नाही. फोनवर बंदी घालू? महिन्यातले दोन कार्यक्रम सक्तीचे करू? की सगळंच सोडून देऊ?’ असं ते विचारतात. पत्रात जाता जाता एक आठवणही आहे: पावसामुळे एक ट्रेक रद्द झाला तेव्हा १००० तुकड्यांचं एक जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून चित्र करायचं कोडं, काढलं होतं. ते सोळा दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेलं होतं आणि घरचे जमिनीवर बसून जेवत होते. पुढच्या शनिवारी खेळायला टेबल हवं म्हणून त्यांनी ते मोडून ठेवलं. ‘पण तो काही खरा कार्यक्रम नव्हता,’ असं पुढे लिहिलंय.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. ‘मी ठरवलं’, ‘मी बुक केलं’, ‘मी सगळ्यांना कळवलं’ अशी वाक्यं मोजली, अकरा भरली. ‘मजा आली’ हे शब्द एकदाच आले, आणि तेही त्या जिगसॉबद्दल लिहिताना. हा टोमणा नाही. कामातून मान वर काढून घरच्यांसाठी वेळ काढणारा माणूस घरात असावा असं कुणालाही वाटेल. पुढाकार घेणारं कुणी नसलं की ‘भेटू या एकदा’ म्हणता म्हणता पाच वर्षं निघून जातात. तेव्हा तुमच्या हौसेला आधी दाद. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाच्या पोटात दोन-तीन समजुती दडल्या आहेत आणि गुंता तिथे आहे असं मला वाटतं.

पहिली समजूत ही, की अडीच वर्षं सगळे आनंदानं येत होते आणि आता अचानक बिनसलं. खरंच अचानक?

जेरी हार्वे नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ साली एका लेखात स्वतःच्या सासुरवाडीचा किस्सा सांगितला होता. टेक्सासमधलं कोलमन गाव, ४० अंशांचं ऊन, घरातली चार माणसं मागच्या पडवीत डॉमिनो खेळत बसलेली. सगळं सुखात चाललेलं. एवढ्यात सासरे म्हणाले, चला, ॲबिलीनला जाऊन जेवून येऊ. ॲबिलीन ८५ किलोमीटरवर, गाडीत एसी नाही. बायको म्हणाली, छान कल्पना आहे. हार्वेंच्या मनात आलं, कशाला हा उपद्व्याप! पण बाकीच्यांचा विरस नको म्हणून तेही म्हणाले, चालेल, सासूबाई येणार असतील तर. सासूबाई म्हणाल्या, येणार म्हणजे काय, येणारच. चार तासांनी घामाघूम होऊन, धुळीनं माखून, जेवणाला नावं ठेवत चौघं परत आले, तेव्हा एकेकाच्या तोंडून बाहेर पडलं की जायचं कुणालाच नव्हतं. बेत काढणाऱ्या सासऱ्यांनाही नव्हतं. बाकीचे कंटाळले असतील असं वाटून ते सहज बोलून गेले होते. व्यवस्थापन शिकवणारे या किश्शाला ‘ॲबिलीन पॅराडॉक्स’ म्हणतात. आपल्याकडे त्याला दोन अक्षरं पुरतात: भीड.

तुमच्या घरचे अडीच वर्षं भिडेपोटीच येत होते असं मला म्हणायचं नाही. सुरुवातीला पिकलबॉल सगळ्यांना मनापासून आवडलाही असेल. पण ‘रविवारी जायचं ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला घरच्या माणसाला किती जोर लावावा लागतो, हे विचारणाऱ्याला कळत नाही. कोर्ट बुक झालेलं, पैसे भरलेले, कॅलेंडरवर हिरवा ठिपका पडलेला. अशा वेळी ‘नाही’चा अर्थ ‘खेळ नको’ इतकाच उरत नाही, तो ‘तुम्ही नको’ असा होऊन बसतो. म्हणून माणसं येतात आणि येऊन फोन काढतात. जुलमाचा रामराम तो हाच.

विचारायची पद्धत बदलून बघा. पुढच्या दोन महिन्यांचं कॅलेंडर कागदावर काढा आणि प्रत्येकाला एकेक कार्यक्रम खोडायला सांगा. ‘काय हवं?’ असं विचारलं की माणसं तुम्हाला जे ऐकायला आवडेल ते सांगतात. नकोसं खोडायची मुभा मिळाली की खरं बोलतात. चिठ्ठ्यांवर लिहून घेतलंत तर आणखी बरं, म्हणजे एकाचं बघून दुसरा आपलं मत बदलणार नाही. आणि एक तुम्हीही खोडा. तुम्ही काय खोडाल, याची मला खरी उत्सुकता आहे.

दुसरी समजूत जरा नाजूक आहे. ‘मी यांच्यासाठी इतकं करतो,’ असं तुम्ही लिहिलंय. बुकिंग तुम्ही करता, गाडी तुम्ही काढता, निरोप तुम्ही धाडता, कबूल. पण ट्रेकवरून आल्यावर चिखलाचे बूट कोण घासतं? ओले कपडे पिशवीत कुबट व्हायच्या आत त्याच रात्री कोण बाहेर काढतं? दोन कुटुंबं खेळायला येणार म्हणून शनिवारी दुपारी घर कोण आवरतं, आणि ती गेल्यावर रात्री साडेअकराला ग्लास कोण विसळतं? पत्रात याचा उल्लेख नाही. हे सगळं तुम्हीच करत असाल तर मी माफी मागते. पण ‘मला एक रविवार रिकामा हवाय’ हे वाक्य आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांचे रविवार बहुतेक असेच भरलेले होते.

सुझन शॉ आणि डॉन डॉसन या दोघा अभ्यासकांनी २००१ साली कुटुंबाच्या फुरसतीबद्दल एक मुद्दा मांडला. आईबाप मुलांना घेऊन खेळतात, हिंडतात, ते नुसतं मन रमवायला नसतं. घर एकत्र राहावं, मुलांना बऱ्या सवयी लागाव्यात, अंग हलावं, असे हेतू त्यामागे असतात. हेतूत वाईट काही नाही. फक्त हेतू आला की मागोमाग काम येतं, आणि ते काम बऱ्याचदा आईच्या वाट्याला जातं. तिला त्यातून समाधान मिळतं आणि ती दमतेही, दोन्ही एकाच वेळी. तेव्हा पत्नीनं मागितलेला रविवार हा तुमच्या कार्यक्रमांना मिळालेला नकार आहे असं धरून चालू नका. त्यांना नेमकं काय नकोय, पिकलबॉल की सकाळी सहाला उठून पिशव्या भरणं, हे विचारा. पिशव्या नको असतील तर उपाय सोपा आहे आणि तो तुमच्याच हातात आहे.

मुलांना तर हेतूचा वास लांबूनच येतो. माझंच सांगते. आमच्या घरी एकदा मी ‘बिनफोनची संध्याकाळ’ सुरू केली होती. दर बुधवारी, सात ते नऊ, पत्ते आणि गप्पा. तीन बुधवार ठीक गेले. चौथ्या बुधवारी लेकीनं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, ‘आई, आज किती वाजेपर्यंत आनंदी राहायचंय?’ मी तेव्हा चिडले होते. आता तो प्रश्न मला चांगलाच नेमका वाटतो.

वेळापत्रकाचंही असंच आहे. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोक यांचा २०१६ सालचा एक अभ्यास आहे. आनंदाच्या गोष्टीला नेमकी वेळ बांधून दिली की ती मनात कामाच्या रांगेत जाऊन बसते आणि तिची गोडी कमी होते, असं त्यांना आढळलं. पण ‘दुपारनंतर कधीतरी’ असं सैलसर ठरवलं की हा परिणाम दिसला नाही. तुमच्या रंगीत कॅलेंडरवर ५ ते ६.३० असा ठोकळा दिसतो, आणि त्याच्या वर मुलाच्या क्लासचा, खाली दातांच्या डॉक्टरांचा. फोनच्या लेखी तिन्ही ठोकळे सारखेच, मग मनाच्या लेखी तरी वेगळे का असावेत? कोर्टाला वेळ ठरवावीच लागते, ते मला कळतं. पण घरातल्या खेळाला, फिरायला जाण्याला, मित्राकडे डोकावण्याला ‘रविवारी ऊन उतरल्यावर’ एवढं पुरे.

आता त्या जिगसॉकडे येऊ. तुम्ही ज्याला खरा कार्यक्रम मानत नाही, तोच मला पत्रात सगळ्यात खरा वाटला. तुमचंच तुम्हाला वाचून दाखवते. मुलगा क्लासवरून आला की खांद्यावरचं दप्तरही न उतरवता टेबलापाशी उभा राहून दोन तुकडे लावायचा. पत्नी फोनवर बोलता बोलता कडेचे तुकडे वेगळे काढायची. एका रात्री तुम्ही पाणी प्यायला उठलात, तर दोघं दिवा लावून बसलेले, आणि त्यांनी काही न बोलता खुर्ची सरकवून तुम्हाला जागा केली.

अशा कोड्यांच्या डब्यावर १००० लिहिलेलं असलं तरी बऱ्याच डब्यांत ३८ रकाने आणि २७ ओळी असतात, म्हणजे १०२६ तुकडे. त्यातले १२६ कडेचे. कडा लावायला एखादी संध्याकाळ पुरते. झाडं, घर, पाण्यातलं प्रतिबिंब हे रंगावरून हळूहळू जुळत जातं. शेवटी उरतं आभाळ. सगळे तुकडे निळे, रंगाचा काही उपयोग नाही. मग आकारावर यायचं: दोन बाजूंना खाच असलेले एकीकडे, तीन बाजूंना असलेले दुसरीकडे, आणि एकेक उचलून फिरवून बघायचा. एकट्यानं केलं तर या कामानं डोकं उठतं. शेजारी कुणी असलं तर मात्र गप्पा सुरू होतात, कारण डोळे गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. एकमेकांकडे बघावं लागत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा समोर बसवून विचारल्यावर जे कधी सांगणार नाही, ते तो आभाळाचा तुकडा बोटांत फिरवता फिरवता सांगून जातो. आणि नेमकं आभाळ उरलं असताना तुम्ही ते मोडून डब्यात भरलंत. शनिवार आला होता ना!

रॅमन झॅब्रिस्की आणि ब्रायन मॅककॉर्मिक यांनी, तेही २००१ सालीच, कुटुंबाच्या फुरसतीचे दोन प्रकार सांगितले. एक रोजच्यातला: घरच्या घरी, फारशा खर्चाविना, ठरवाठरवीशिवाय, वारंवार होणारा. दुसरा नवलाईचा: सहल, प्रवास, कधीतरी घडणारं काहीतरी वेगळं. पहिल्यानं माणसं जवळ येतात, दुसऱ्यानं बदल पेलायला शिकतात. घराला दोन्ही लागतात. तुमच्या कॅलेंडरवर मला सगळा दुसराच प्रकार दिसतो. पहिल्याला तुम्ही कार्यक्रम म्हणायलाच तयार नाही, कारण त्याचं बुकिंग करावं लागलं नाही. खरं तर जिगसॉ जन्माला आलं तेही धडा म्हणूनच. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिरानं लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमेवर तो कापला, मुलांना भूगोल शिकवायला. भूगोल कधीच गळून गेला. तुकडे राहिले.

म्हणून पिकलबॉल सोडा असं मी म्हणणार नाही. उलट त्याच्या जन्माची गोष्ट तुम्हाला आवडावी. १९६५ सालचा उन्हाळा, सिएटलजवळचं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोघे गोल्फ खेळून घरी आले, तर घरचे सगळे कंटाळून बसलेले. अंगणात जुनं बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण सामान धड सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी काहीतरी सुरू केलं. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीवर, ६० इंचांवर होतं. खेळता खेळता ते ३६ इंचांवर आलं. पुढे बार्नी मॅककॅलम त्यांना मिळाले आणि तिघांनी नियम बसवले. मनात एकच गोष्ट होती: लहान-मोठ्या सगळ्यांना एकत्र खेळता यावं. म्हणून सर्व्हिस खालून, म्हणून पहिले दोन फटके टप्पा पडल्यावरच, म्हणून नेटपाशी ७ फुटांच्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायला बंदी. उंच, ताकदवान माणसाची दादागिरी चालू नये अशी ती सगळी व्यवस्था आहे. तुमच्या घरी त्याच खेळाचा जिंकल्या-हरल्याचा तक्ता भिंतीवर आहे, आणि त्यात सगळ्यात वर कोण आहे हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मी ओळखलंय. तक्ता काढून टाका. ही एक गोष्ट मात्र आजच करा, तिला चिठ्ठ्या नकोत.

यावर तुमच्या मनात येईल, मग सगळ्यांनी मिळून जिंकायचा किंवा हरायचा एखादा बोर्ड गेम आणू. ‘पॅन्डेमिक’ हा मॅट लीकॉक यांचा २००८ सालचा खेळ तसा आहे: खेळणारे एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे मिळून रोगाच्या साथींशी झुंजतात. खेळ चांगलाच आहे. पण या प्रकारात एक नेहमीची अडचण असते. टेबलावरचा एक जाणता खेळाडू हळूहळू सगळ्यांच्या चाली सांगू लागतो, ‘तू इथे जा, तू ते पान टाक,’ आणि बाकीचे त्याच्या हाताखालचे कारकून होतात. तुमच्या टेबलावर ते कोण करेल, हे मी सांगायला नको. खेळ आणलात तर नियम वाचून दाखवायचं काम मुलाला द्या आणि आपली पाळी येईपर्यंत हाताची घडी घालून बसा. अवघड जाईल.

मुलाच्या प्रश्नावर थोडं थांबू या. ‘मी नाही आलो तर चालेल का?’ या वाक्यात तुम्हाला बंड दिसलं, मला त्यात अदब दिसली. बंड करणारी मुलं विचारत नाहीत, दार लावून घेतात. तो परवानगी मागतोय, म्हणजे तुम्हाला वाईट वाटेल याची त्याला काळजी आहे. उत्तर ‘हो, चालेल’ एवढंच द्या, आणि त्यापुढे ‘पण’ लावू नका. एकदा न येण्याची खरीखुरी मुभा मिळाली की पुढच्या येण्याला अर्थ येतो. फोनबंदी आणि सक्तीनं शरीर कोर्टावर येईल, बाकीचा मुलगा घरीच राहील. त्याऐवजी त्याच्याकडे जाऊन बघा. तो ऑनलाइन जो काही खेळ खेळतो, तो अर्धा तास शिकवायला सांगा. तुम्ही हराल, वाईट हराल, आणि तो तुम्हाला समजावून सांगेल. बाप नवखा आणि मुलगा जाणता, अशी अदलाबदल तुमच्या घरी अडीच वर्षांत झालेली दिसत नाही.

फोनचा विषय निघालाच आहे म्हणून एक प्रश्न. फोटो किती काढता? लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवून केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या नंतर कमी आठवल्या. ज्यांच्या एखाद्या बारकाव्यावर झूम केलं, त्यांच्याबाबत मात्र तसं झालं नाही. तेव्हा ‘सगळे इकडे बघा, आणखी एकदा’ हे ट्रेकवर एकदाच होऊ द्या. तुमचा फोन आधी खिशात गेला, तर बाकीच्यांचे जातील याची थोडीफार शक्यता आहे.

आता मित्राचं कुटुंब. हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, कारण पत्रात तिथे तुमचं अक्षर बदललंय. ते पोहायला गेले आणि तुम्हाला सांगितलं नाही, हे खुपतंच. पण त्यामागे काय असेल, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. त्यांना ट्रेक झेपत नसेल. त्यांची धाकटी पोरं बोर्ड गेमला कंटाळत असतील. दर वेळचा खर्च जड जात असेल आणि ते बोलणं अवघड वाटत असेल. किंवा त्यांना तुम्ही आवडता, तुमचे कार्यक्रम आवडत नाहीत. या शेवटच्या शक्यतेकडे नीट बघा, कारण ती सगळ्यात सुखाची आहे.

जेफ्री हॉल यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात असा अंदाज आहे. पण नुसत्या एकत्र काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. तुमच्या शनिवारांतले किती तास गप्पांत गेले आणि किती नियम समजावण्यात, गुण मोजण्यात, पुढची तारीख ठरवण्यात? मित्राला फोन करा, पण बेत हातात घेऊन करू नका. ‘बऱ्याच दिवसांत बोललो नाही, सहज केला,’ असं म्हणा आणि पोहण्याचा विषय काढू नका. त्यानं काढला तर ‘पाणी कसं होतं?’ एवढंच विचारा. जाब विचारल्यासारखं वाटलं की तो सबब सांगेल आणि मग दोघांनाही ती सबब सांभाळत बसावं लागेल.

पुढे बोलावताना पार्करन या बागेतल्या सामूहिक धावेची रीत उचलण्यासारखी आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांच्या हाकेला १३ धावपटू जमले होते. आज कितीतरी देशांत दर शनिवारी सकाळी ही ५ किलोमीटरची धाव होते. फुकट असते आणि चालत आलात तरी चालतं. एकदाच नाव नोंदवायचं, त्यानंतर येतो की नाही हे कुणाला कळवावं लागत नाही. आलात तर बरं, नाही आलात तर कुणी हजेरी घेत नाही. जागा पक्की, माणसं सैल. ‘रविवारी सकाळी आम्ही कोर्टवर असतो, वाटलं तर या, उत्तर नको’ असा निरोप धाडून बघा. पहिल्या तीन रविवारी कदाचित कुणी येणार नाही.

आणि मग तुम्ही काय कराल? हा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलाय. कुणीच आलं नाही तरी पिकलबॉल खेळायला जाल का? ‘हो’ असेल तर तो खेळ तुमचा आहे. खुशाल जा, अनोळखी लोकांशी जोडी जमवा, घामाघूम होऊन हसत घरी या. घरच्यांनाही आनंदी माणूस परत आलेला आवडतो, त्यांनी सोबत जायलाच हवं असं नाही. ‘नाही’ असेल तर इतके रविवार तुम्हीसुद्धा तुमच्या मोटारीत बसून ॲबिलीनलाच निघाला होतात. अडीच वर्षं तुम्ही सगळ्यांना खेळवलंत, तुम्ही स्वतः खेळलात किती, हे मला पत्रावरून कळलं नाही.

असंच पत्र आणखी दोघींकडून आलंय, त्यांच्यासाठीही दोन शब्द. एकीच्या घरी वयस्कर सासरे आहेत, दुसरीकडे तीन वर्षांचं मूल. दोघींना वाटतं, सगळ्यांना जमेल असं काहीच नसतं. सगळ्यांना सगळं जमायची गरज नाही, जोड्या बदलत ठेवा. खिडकीत बसून पक्षी मोजायला गुडघे लागत नाहीत. १९९८ साली सुरू झालेल्या आणि आता दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर होणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये निदान १५ मिनिटं जे दिसतील ते पक्षी मोजायचे असतात. आजोबा आणि नातू मिळून १५ मिनिटं सहज बसतात. तेवढ्या वेळात त्या मुलाची आई दार लावून झोपली, तर तीही कुटुंबाची फुरसतच.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर सक्ती नको, फोनबंदी नको, आणि सगळं सोडूनही देऊ नका. ट्रेक ठेवा, पण दोन महिन्यांतून एक, आणि त्याच्या पिशव्या तुम्ही भरा, तुम्हीच रिकाम्या करा. पत्नीचा रविवार त्यांना द्या, आणि त्या दिवशी त्यांनी काय केलं हे संध्याकाळी विचारू नका. बोर्ड गेमच्या शनिवारांचं काय करायचं ते चिठ्ठ्या सांगतील. मुलगा आला तर आला. हे सगळं निदान तीन महिने चालू द्या. पहिल्या महिन्यात रिकामं रिकामं वाटेल, कॅलेंडर उघडून ठोकळे टाकावेसे वाटतील.

आणि त्या जिगसॉचा डबा माळ्यावर टाकला असेल तर खाली काढा. टेबलावर ओता, कडेचे तुकडे वेगळे करायला लागा, आणि कुणालाही हाक मारू नका. शनिवार आला तर पाहुण्यांना जमिनीवर बसवा.